जांबचा राम आणि जपानचा राम

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें एक गांव आहे. इ. स. 1608 सालीं रामनवमीच्या दिवशीं तेथील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरीं नारायण नांवाचा मुलगा जन्मास आला. तोच पुढें समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला, आणि गांवाचें नांवही लोकांच्या तोंडीं जांब समर्थ असें झालें. ज्या मातींत रामभक्तीची ही परंपरा रुजली, तेथून जपान देश किती दूर! आणि तरीही रामचरित्र हातानें काढलेल्या चित्रांच्या द्वारें चालतें-बोलतें करून दाखवावें, या एका ध्यासापायीं ज्यानें दहा वर्षें झीज सोसली, तो मनुष्य जपानी होता.

त्या हकीकतीकडे वळण्यापूर्वीं घरोघरच्या एका लहानशा कलहाकडे लक्ष दिलें पाहिजे. जालन्यांतील असो, छत्रपति संभाजीनगरांतील असो, वा पुण्या-मुंबईंतील असो, सुशिक्षित घरांतली महाविद्यालयांत शिकणारी मुलगी भ्रमणध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर मोठ्या डोळ्यांच्या जपानी पात्रांत गढून गेलेली असते. वडील येतात, क्षणभर पाहतात आणि म्हणतात, ‘एवढी मोठी झालीस, अजून कार्टूनच पाहतेस?’ मुलगी उत्तर देत नाहीं. तिला म्हणावयाचें असतें कीं हें कार्टून नव्हे, ॲनिमे आहे. परंतु या दोहोंत अंतर काय, हें तिलाही धडपणें सांगतां येत नाहीं. कलह क्षुल्लक दिसतो खरा. पण एका छपराखालीं राहणाऱ्या दोन पिढ्यांना एकमेकांच्या करमणुकीचीच नव्हे, तर दुःखाचीही ओळख उरूं नये, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. त्या पडद्यापुढें ती मुलगी कित्येकदां रडत असते, आणि वडिलांस त्याचा पत्ताही नसतो.

मूळ घोटाळा शब्दाचा आहे. ‘कार्टून’ या शब्दास मराठींत व्यंगचित्र हा प्रतिशब्द रूढ झाला. आणि व्यंग म्हणजे उणीव, वैगुण्य. जें चित्र मुळांतच थट्टेसाठीं जन्मलें, तें गंभीरपणें कोण पाहणार? जपानी लोकांनीं ‘ॲनिमेशन’ हा इंग्रजी शब्द उचलला, त्याचें शेपूट तोडलें आणि ‘ॲनिमे’ असें सुटसुटीत नांव केलें. त्या शब्दाच्या मुळाशीं जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ श्वास किंवा प्राण असा होतो. आपल्याकडे मूर्ति घडविली एवढ्यानेंच तिला देवपण येत नाहीं. तिची प्राणप्रतिष्ठा करावी लागते. ॲनिमे ही चित्राची प्राणप्रतिष्ठा आहे, एवढें ध्यानांत घेतलें तर निम्मा गैरसमज दूर होतो. खुद्द जपानांत कोणत्याही देशाच्या हलत्या चित्रांस हाच शब्द लावतात. जपानाबाहेर मात्र तो जपानी कृतींपुरता मर्यादित राहिला आहे.

आतां त्या जपानी रामभक्ताविषयीं. त्यांचें नांव युगो साको. ते माहितीपट तयार करीत असत. प्रयागराजजवळ पुराणवस्तुसंशोधक डॉ. बी. बी. लाल यांनीं उत्खनन केलें होतें. त्यासंबंधीं माहितीपट घेण्याच्या निमित्तानें 1983 सालीं साको भारतांत होते. उत्खनन पाहतां पाहतां त्यांची गांठ रामकथेशीं पडली. कथेनें त्यांना असें कांहीं वेड लावलें कीं, जपानी भाषेंतील रामायणाचे दहा निरनिराळे पाठ त्यांनीं वाचून काढले. तेवढ्यांत एका वृत्तपत्रांतील बातमीमुळें गैरसमज पसरला, आणि रामायण हा भारताचा राष्ट्रीय ठेवा असून परक्यानें त्यावर मनास येईल तसा चित्रपट काढूं नये, अशा आशयाचें निषेधाचें पत्र दिल्लींतील जपानी वकिलातीकडे गेलें. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून परत गेला असता. साकोंनीं गैरसमज दूर केला, आणि रामायणावर खरोखरच चित्रपट काढावा, असा उलट प्रस्ताव मांडला.

परंतु तो नटांचा नव्हे, चित्रांचा. त्यामागील त्यांचा विचार मोठा मार्मिक होता. राम हा देव आहे. त्याचें दर्शन नटाच्या देहापेक्षां चित्रांतून घडविणें अधिक उचित, असें त्यांचें मत होतें. नट कितीही थोर असला, तरी त्याला स्वतःचा चेहरा असतो, त्याच्या मागील भूमिका असतात, आणि वर्तमानपत्रांत त्याच्या घरच्या गोष्टी छापून येतात. चित्राला मागचा जन्म नसतो. आपल्याकडील सरकारदरबारीं मात्र ही दृष्टि पटली नाहीं. देवादिकांचें ‘कार्टून’ लोकांस रुचणार नाहीं, या धास्तीनें सहकार्य नाकारलें गेलें. एका शब्दानें केवढें काम अडविलें, तें येथें दिसतें. अखेर जपानांतच या कामासाठीं स्वतंत्र कंपनी काढण्यांत आली आणि 1990 सालीं प्रत्यक्ष काम सुरू झालें. दोन्ही देशांतील मिळून सुमारें साडेचारशें कलावंत त्यावर राबले. दिग्दर्शक तिघे होते: स्वतः साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन. राम मोहन यांनीं 1956 सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागांत हातीं पेन्सिल घेतली होती. अमेरिकेंतील डिस्ने कंपनींत काम केलेले क्लेअर वीक्स हे तेथें त्यांचे शिक्षक होते. रामाचा चित्रपट सिद्ध झाला तो असा, अमेरिकेचें शिक्षण, जपानचा हात आणि भारताची कथा यांच्या संगमांतून. संगीत वनराज भाटिया यांचें असून मूळ चित्रपटांतील गीतें संस्कृत आहेत.

या साऱ्या उद्योगांत परकें असें खरोखर किती होतें? चित्रांच्या आधारें रामकथा सांगणें ही महाराष्ट्राची फार जुनी विद्या आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें गाऊन सांगत असत. चित्रांच्या अशा एका संचास पोथी म्हणतात. ही कला टिकविणारे परशुराम गंगावणे यांस 2021 सालीं पद्मश्री मिळाली. अशाच घाटाचीं जुनीं चित्रें पैठणशैलीचीं म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि पैठण तर जालन्याच्या वेशीवरचेंच गांव. त्या चित्रांतील पात्रांचे डोळे पाहावेत: चेहऱ्याच्या मानानें केवढाले, आणि कसे रोखून पाहणारे! जपानी पात्रांचे डोळे मोठे म्हणून हंसणाऱ्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांचीं चित्रें एकदां काढून बघावींत.

जपानांतही असाच कथेकरी होता. 1930 च्या सुमारास तेथें मंदीमुळें बेकारी माजली, तेव्हां अनेक मंडळी सायकलीवर लांकडी चौकट बांधून गल्लोगल्लीं फिरूं लागली. लांकडाचे दोन तुकडे वाजवून मुलें गोळा करावयाचीं, त्यांना गोळ्या-मिठाई विकावयाची, आणि मग चौकटींतील एकेक चित्र सरकवीत गोष्ट सांगावयाची. या खेळास ‘कामिशिबाइ’, म्हणजे कागदी नाटक, म्हणत. चित्र जागचें हलत नसे. हलत असे तो सांगणाऱ्याचा आवाज. त्याहीपूर्वीं, एकोणिसाव्या शतकांत, जपानी खेळिये हातांत धरावयाचे दिवे नाचवून कागदी पडद्यावर रंगीत आकृति खेळवीत. आणि इकडे कल्याणच्या पटवर्धन मंडळींनीं 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें तसाच कांचचित्रांचा पौराणिक खेळ उभा केला. एकमेकांना ठाऊक नसलेले दोन शेजारी एकाच दिशेनें चालले होते.

सिनेमाचें यंत्र आल्यावरही हें साम्य सुटलें नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाचें थोडथोड्या वेळानें एकेक छायाचित्र घेऊन, वेल डोळ्यांदेखत वाढत असल्याचा भास निर्माण केला होता. पुढें ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा पटांत त्यांनीं निर्जीव काड्यांना खेळविलें. जपानांत 1917 सालीं तिघां चित्रकारांनीं चित्रांचे पहिले पट पडद्यावर आणले. त्यांतील जुनइची कोउची यांचा ‘नामाकुरा गाताना’ हा चार-पांच मिनिटांचा विनोदी पट, बोथट तलवार विकत घेऊन फसलेल्या सामुराईचा, दीर्घकाळ नाहींसा झाला होता. तो ओसाका येथील जुन्या वस्तूंच्या बाजारांत अकस्मात सांपडला. त्या काळचें बाकीचें बरेंच काम काळाच्या उदरांत गडप झालें आहे. 1923 च्या तोक्योच्या भूकंपानें आणि आगींनीं त्यांतील पुष्कळसें नेलें.

यापुढें मात्र वाटा फुटल्या. आपल्याकडे फाळक्यांची ती काडी विझली म्हणावी लागेल. जपानांत ती पेटत राहिली, आणि कधीं कधीं भलत्याच चुलींतही गेली. तेथील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 1945 सालीं आला, तो नौदलाच्या पैशानें काढलेला युद्धप्रचार होता. ओसाकाच्या एका चित्रगृहांत एका तरुण विद्यार्थ्यानें तो पाहिला आणि तो भारावून गेला. प्रचारानें नव्हे, चित्रांच्या सामर्थ्यानें. त्याचें नांव ओसामु तेझुका. 1963 च्या पहिल्या जानेवारीला त्याच तेझुकाची ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रमानव बालकाची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा एक भाग! आज ज्याला ॲनिमे म्हणतात, त्याचा सांचा तेथें पडला.

त्या सांच्याचें गणित समजल्यावांचून ॲनिमे समजत नाहीं. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. अमेरिकेंतील मोठे कारखाने सेकंदास बारा, प्रसंगीं चोवीस चित्रें काढीत. तेझुकाजवळ तेवढा पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. त्यानें एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवलें. बोलतांना पात्राचें तोंड तेवढें हलविलें. एकदां काढलेलीं धांवण्या-उडण्याचीं चित्रें जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरलीं. आणि कित्येक ठिकाणीं चित्र स्थिर ठेवून त्यावरून कॅमेराच फिरविला. नवखा प्रेक्षक हें पाहून म्हणतो, ‘यांना हलवतांच येत नाहीं.’ परंतु चित्रकथीचें चित्र तरी कोठें हलत होतें? काटकसरीपोटीं जन्मलेल्या या युक्तीला जपान्यांनीं हळूहळू भाषेचें रूप दिलें. पात्र बोलावयाचें थांबतें, पावसाचा एक थेंब पानावरून ओघळतो, आगगाडी दूर निघून जाते, आणि तीन-चार सेकंद कांहींच घडत नाहीं. जपानींत दोन गोष्टींमधील अशा मोकळ्या जागेस ‘मा’ म्हणतात. चांगला कीर्तनकार आख्यानांत सीतात्यागाच्या प्रसंगीं येऊन टाळ थांबवितो आणि क्षणभर सभेकडे नुसता पाहतो. त्या वेळीं त्याला पुढचें आठवत नाहीं, असें कोणी म्हणतें काय?

साकोंच्या ‘रामायणा’चा हिशेब या दृष्टीनें करून पाहण्यासारखा आहे. चित्रपटाची लांबी 135 मिनिटें, म्हणजे चौकटी जवळजवळ दोन लक्ष. त्यासाठीं हातानें काढलेलीं चित्रें सुमारें एक लक्ष. एका चौकटींत अनेक चित्रें थरांनीं बसवावीं लागतात, म्हणून हें गणित ढोबळ आहे. तरीपण साप्ताहिक मालिकेहून कितीतरी अधिक चित्रें येथें खर्ची पडलीं आहेत, एवढें स्पष्ट दिसतें. लंकेच्या युद्धांत ही श्रीमंती दिसते. तथापि चित्रकूटाचें अरण्य, तेथील पाणी आणि प्रकाश ज्या संथपणें दाखविला आहे, तेथें जपानी हात अधिक ओळखूं येतो.

दुसरा गैरसमज वयाचा. चित्र आहे म्हणजे तें मुलांसाठीं, ही समजूत जपानांत फारशी नाहीं. तेथील बहुतेक मालिकांचा उगम ‘मांगा’ नामक चित्रकथांच्या नियतकालिकांत असतो, आणि तीं नियतकालिकें वयानुसार वेगळीं निघतात: ‘शोनेन’ हीं किशोरवयीन मुलांसाठीं, ‘शोजो’ मुलींसाठीं, ‘सेइनेन’ प्रौढ पुरुषांसाठीं. हा शिक्का न पाहतां केवळ चित्र गोजिरवाणें म्हणून मुलांपुढें ठेवलें कीं काय होतें, याचा अनुभव आपणांस आलेलाच आहे. ‘शिन-चान’ ही पांच वर्षांच्या वात्रट मुलाची कथा 1990 सालीं प्रौढ वाचकांच्या मांगा-नियतकालिकांत सुरू झाली. ती 2006 पासून भारतांत बालवाहिनीवर हिंदींतून दिसूं लागली. मुलगा आईवडिलांस उलट बोलतो म्हणून आईबाप संतापले. 2008 सालीं सरकारनें मालिका बंद केली आणि पुढें काटछांट होऊन ती परत आली. दोष त्या वात्रट पोराचा नव्हता. पंगत चुकली होती.

याउलट उदाहरण इसाओ ताकाहाता यांच्या ‘होतारु नो हाका’, म्हणजे ‘काजव्यांची समाधि’, या 1988 च्या चित्रपटाचें. 1945 च्या विमानहल्ल्यांत कोबे शहर जळतें, आई मरते, आणि चौदा वर्षांचा सेइता आपल्या चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, घेऊन जगूं पाहतो. फळांच्या रसाच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा दोघांजवळ असतो. गोळ्या संपतात, तेव्हां डब्यांत पाणी घालून, तें हलवून, तो बहिणीला पाजतो. पुढें काय होतें हें चित्रपट पहिल्याच क्षणीं सांगून टाकतो, आणि तरीही पाहणाऱ्याची आशा सुटत नाहीं. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची. त्यांची स्वतःची लहान बहीण त्याच वर्षीं उपासमारीनें गेली होती. हीं चित्रें पाहून जी मुलगी रडते, तिला ‘कार्टून पाहून रडतेस?’ असें विचारणें म्हणजे कठोरपणा होय. जातांजातां सांगावयाचें तें हें कीं, हायाओ मियाझाकी यांचा ‘तोनारि नो तोतोरो’ हा आनंदी, वनदेवतेसारख्या एका केसाळ प्राण्याचा चित्रपट याच दुःखद चित्रपटाच्या जोडीनें एकाच तिकिटांत दाखविला गेला होता. कोणता आधीं लागला यावर प्रेक्षकाची ती रात्र कशी जाणार तें ठरत असावें.

कांहीं खुणा माहीत असल्या म्हणजे वाट सोपी होते. चेरीचा गुलाबी बहर उडूं लागला कीं समजावें, शाळेचें वर्ष बदलत आहे. जपानांत शाळा एप्रिलमध्यें सुरू होतात, म्हणून तो बहर त्यांना ताटातूट आणि नवी ओळख या दोहोंची आठवण देतो. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस, नव्या पुस्तकांचा वास आणि छत्री यांचें जें नातें, तेंच हें. रातकिड्यासारखा एकसुरी कर्कश आवाज ऐकूं आला म्हणजे भर उन्हाळा. नांवापुढील प्रत्ययांकडे कान द्यावा: ‘सान’ आदराचा, ‘चान’ लाडाचा, ‘सेन्सेइ’ म्हणजे गुरुजी. ज्या भाषेंत ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरकावरून सोयरीक मोडूं शकते, त्या भाषेच्या माणसास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. इंग्रजी भाषांतरांत मात्र तें सारें वाहून जातें. म्हणून शक्य असेल तेव्हां मूळ आवाज ऐकावा आणि खालच्या ओळी वाचाव्यात. तेथील आवाज देणाऱ्या नटांचा मान मोठा आहे, आणि तो त्यांनीं कमावलेला आहे.

आरंभ करणाऱ्यानें हजार भागांच्या मालिकेस हात घालूं नये. 1999 पासून चाललेली ‘वन पीस’ ही मालिका हजार भागांच्या पलीकडे गेली आहे. तिच्यांत उडी घेणारा नवखा परत किनाऱ्यास लागत नाहीं. बारा-तेरा भागांत आटोपणाऱ्या पुष्कळ मालिका असतात, कारण जपानी दूरचित्रवाणीचें एक सत्र तेवढेंच असतें. त्याहून बरें म्हणजे एक सबंध चित्रपट. सहकुटुंब पाहावयाचा तर ‘तोतोरो’, नंतर ‘रामायण’, आणि ‘काजव्यांची समाधि’ पाहावयाची ती मुलें कळतीं झाल्यावर, व दुसऱ्या दिवशीं सुटी असतां.

खरें पाहतां मराठी घरांत ॲनिमेचा प्रवेश कधींच झाला आहे. 1993 सालीं रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर मोगली आला, तेव्हां आतांचे आईबाप लहान होते आणि अंघोळ टाकून संचापुढें बसत होते. ती ‘जंगल बुक’ मालिका जपानी होती. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचें, संगीत विशाल भारद्वाज यांचें, आणि शेरखानाची डरकाळी आपल्या मुरुडच्या नाना पाटेकरांची. तेव्हां कोणी ‘हें परकें’ म्हटलें नाहीं.

आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत साकोंचें ‘रामायण’ प्रथम दाखविलें गेलें. वेळ अत्यंत वाईट होती. अयोध्येंतील 6 डिसेंबर 1992 च्या घटनेस महिनाच लोटला होता. देशांत दंगली उसळल्या होत्या, मुंबई तर त्याच आठवड्यांत पेटलेली होती. अशा वेळीं रामाच्या चित्रपटाला मोठें चित्रगृह कोण देणार? हिंदी अवतारांत रावणास अमरीश पुरी यांचा आवाज लाभला, आणि रामाचा आवाज होता अरुण गोविल यांचा. देवाला नटाचा देह नको म्हणणाऱ्या साकोंना शेवटीं दूरदर्शनच्या रामाचाच कंठ घ्यावा लागला, हा योगायोग मोठा गमतीचा. दहा वर्षांच्या श्रमांचें फळ चित्रगृहांत फारसें कोणी पाहिलें नाहीं. दूरचित्रवाणीवर मात्र पुढें मुलांच्या एका पिढीनें तें पाहिलें आणि तिनेंच तें लक्षांत ठेवलें. साको 2012 सालीं वारले, राम मोहन 2019 सालीं. 24 जानेवारी 2025 रोजीं स्वच्छ केलेल्या नव्या प्रतींत ‘रामायण’ भारतांतील चित्रगृहांत लागलें, तेव्हां हे दोघेही तें पाहावयास नव्हते.

तें हिंदी, तमिळ, तेलुगु आणि इंग्रजी या भाषांत आलें. जांबच्या किंवा अंबडच्या एखाद्या आजीला तें मराठींत ऐकावयाचें असेल, तर नातीनें शेजारीं बसून एकेक प्रसंग सांगत जावें लागेल, आणि मधूनमधून आजी तिचें रामायण दुरुस्त करील.